चढणीच्या माशांच्या नदीवर

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडहून दक्षिणेला येऊन रोझबर्गपाशी मोठा महामार्ग सोडला आणि १३८ क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेकडे वळले, तेव्हा सप्टेंबरचा पहिला आठवडा चालू होता. ग्लाइड या लहानशा गावात लिटल रिव्हर आणि नॉर्थ अम्पक्वा या दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींवर आदळतात, आणि तिथून पुढे रस्ता नॉर्थ अम्पक्वाचा काठ फारसा सोडत नाही. मला स्वतःला मासे धरायचे नव्हते. हिल्सबरोला माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडून मी दोन वर्षे स्टीलहेड या माशाविषयी ऐकत आले होते. एका माशासाठी माणसे आठवडेच्या आठवडे नदीत का उभी राहतात, हे त्या माणसांच्याच तोंडून ऐकावे म्हणून मी चार दिवसांची रजा काढली होती.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. नदीत जन्मलेली पिल्ले दोन-तीन वर्षे गोड्या पाण्यात वाढतात, मग पॅसिफिक महासागरात जातात आणि तिथे मोठी होऊन अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच नदीत चढतात. पॅसिफिकमधले सामन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेड मात्र कधीकधी जगून समुद्रात परत जातो आणि पुन्हा येतो. माझे आजोळ महाडजवळचे. पहिल्या पावसाने ओढे फुगले की चढणीचे मासे धरायला रात्री बॅटऱ्या आणि कोयते घेऊन निघणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत, आणि अंड्यांनी भरलेल्या त्या माशांचे कालवण आवडीने खाल्लेही आहे. त्यामुळे ‘हा चढणीचाच मासा’ एवढे म्हटल्यावर स्टीलहेड मला एकदम कळला.

स्टीमबोट क्रीक हा ओढा जिथे मुख्य नदीला मिळतो, त्या भागाला इथले लोक ‘कॅम्प वॉटर’ म्हणतात. तिथल्या प्रत्येक डोहाला नाव आहे: बोट, किचन, स्टेशन, मॉट. नदीच्या या सुमारे पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात १९५० च्या दशकापासून फक्त फ्लायने, म्हणजे पिसे आणि केस बांधून केलेल्या कृत्रिम कीटकानेच मासेमारी करता येते. पहिल्या संध्याकाळी तिथे एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षे काम केले होते आणि आता ते दरवर्षी उन्हाळ्याचे दोन महिने इथेच तंबूत राहतात. पाण्यात शिरण्याआधी त्यांनी बुटांचे तळवे मला दाखवले. त्यांत धातूचे खिळे बसवलेले होते, कारण इथला तळ म्हणजे शेवाळलेला सलग कातळ आहे आणि साध्या बुटांनी त्यावर पाय ठरत नाही.

त्यांची काठी तेरा फुटांची होती आणि ती दोन्ही हातांनी धरायची होती. एकहाती काठीने फ्लाय फेकताना दोरी आधी पाठीमागे पूर्ण लांब जावी लागते, पण इथे पाठीला उभा कडा आणि डग्लस फरची झाडे आहेत. स्कॉटलंडमध्ये स्पे नदीच्या काठावर एकोणिसाव्या शतकात हीच अडचण होती आणि तिच्यातूनच ‘स्पे कास्ट’ ही फेकण्याची रीत निघाली, हे त्यांनी मला काठी हातात घेऊनच समजावले. प्रवाहाच्या खालच्या अंगाला ताणलेली दोरी त्यांनी सावकाश उचलली आणि काठी एका बाजूने फिरवली, तेव्हा दोरीचे टोक आणि फ्लाय त्यांच्या शेजारी पाण्याला हलकेच टेकले आणि उरलेल्या दोरीची पाठीमागे धनुष्यासारखी कमान झाली. त्या क्षणी पाण्याने दोरीचे टोक धरून ठेवलेले असते आणि त्या पकडीमुळेच काठी वाकते. मग वरचा हात जवळजवळ स्थिर ठेवून त्यांनी खालचा हात पोटाकडे ओढला आणि दोरी पाण्यालगत उलगडत पलीकडच्या खडकापर्यंत गेली. वारा प्रवाहाबरोबर वाहत असेल तर ‘डबल स्पे’, प्रवाहाच्या उलट असेल तर ‘सिंगल स्पे’; कमान नेहमी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवी, नाहीतर गरी आपल्याच कानात रुतते, असे ते म्हणाले आणि त्यांनी कानाच्या पाळीवरचा जुना वण दाखवला.

फ्लाय पलीकडे पडल्यावर खरे काम प्रवाह करतो. ताणलेल्या दोरीला बांधलेला फ्लाय कमानीसारख्या वाटेने नदी ओलांडत काठाकडे येतो. मग मासेमार दोन पावले खाली सरकतो आणि पुन्हा फेकतो. वरून खाली सरकत राहायचे, कुणाच्या पुढे उतरायचे नाही आणि एकाच जागी ठाण मांडायचे नाही, हा इथला अलिखित नियम आहे. मी त्यांना विचारले, गोड्या पाण्यात आलेला हा मासा फारसे खातच नाही, मग तो फ्लायवर तोंड का टाकतो? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्या मते त्याला लहानपण आठवते. याच पाण्यात तो किडे खाऊन वाढला ना.” हे शास्त्र नव्हे, असे त्यांनी लगेच बजावले. मला मात्र पन्नास वर्षे नदीत उभे राहिलेल्या माणसाचे हे मत मोलाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडहून आलेले एक गृहस्थ भेटले. ते स्पे नदीच्या काठावर वाढलेले होते आणि त्यांच्या पेटीत ‘लेडी कॅरोलाइन’ हा तिथला जुना तपकिरी फ्लाय होता. त्यांच्या देशात सामन धरण्याचा हक्क ही खाजगी मालमत्ता असते, नदीचे पट्टे पाडलेले असतात, बहुतेक ठिकाणी पैसे भरून दिवस राखून ठेवावा लागतो, आणि रविवारी सामन धरणे कायद्याने बंद असते. इथे परवाना काढलेला कुणीही पहाटे येऊन कोणत्याही डोहावर उभा राहू शकतो, याचे त्यांना फार अप्रूप होते. पण त्यांचे बोलणे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होते. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या अटलांटिक सामनची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. “लहानपणी वडिलांबरोबर गेलो की घरी मासा आणायचो. माझ्या मुलाने आजवर एकही सामन घरी आणलेला नाही. तो प्रत्येक मासा परत सोडतो,” असे त्यांनी सांगितले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण बोलून झाल्यावर त्यांनी बराच वेळ फ्लायची पेटी उगाच उघडली आणि मिटली.

इथल्या नदीचीही तीच काळजी आहे. रोझबर्गजवळच्या विंचेस्टर धरणावर १९४० च्या दशकापासून वर चढणारे मासे मोजले जातात, आणि इथे भेटणारा प्रत्येक जण शेतकऱ्याने पावसाचे आकडे सांगावेत तसे ते आकडे सांगतो. २०२० च्या सप्टेंबरात लागलेल्या आर्ची क्रीक वणव्यात सव्वा लाख एकरांहून अधिक जंगल जळाले आणि रॉक क्रीकचे मत्स्यबीज केंद्रही त्यात गेले. ग्लाइड सोडल्यावर काळ्या खोडांचे ते उतार अजून दिसतात. पुढच्याच उन्हाळ्यात इतके थोडे मासे परतले की सरकारला मासेमारी बंद करावी लागली. केंद्रात वाढवलेली उन्हाळी स्टीलहेडची पिल्ले या नदीत सोडणे थांबवण्याचा निर्णय २०२२ साली झाला आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. गाइडचे काम करणाऱ्या एका बाईंशी मी याविषयी बोलले. त्या निर्णयाच्या बाजूने होत्या. पिढ्यान् पिढ्या या नदीत तगलेल्या जंगली माशांशी केंद्रातल्या माशांची सरमिसळ होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या भावाला मात्र ते अजिबात पटत नव्हते, कारण घरी नेऊन खाता येणारा मासा तेवढाच होता. केंद्रातल्या पिल्लांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो, त्यावरून तो ओळखता येतो. जंगली मासा सोडावाच लागतो.

त्या बाईच मला स्टीमबोट क्रीकवरच्या बिग बेंड डोहापाशी घेऊन गेल्या. या ओढ्यात मासेमारीला कित्येक दशकांपासून बंदी आहे, तरी पूर्वी चोर इथे सुरुंग लावून मासे मारत असत. उन्हाळ्यात ओढा तापला की शेकडो स्टीलहेड या एकाच थंड डोहात गोळा होतात, त्यामुळे एका स्फोटात सगळी पिढी संपू शकते. म्हणून १९९९ साली ली स्पेन्सर हे पुरातत्त्वज्ञ आपल्या कुत्र्यासह इथे राखणीला राहू लागले, आणि पुढे वर्षानुवर्षे उन्हाळाभर डोहाकडे पाहत बसून त्यांनी माशांच्या हालचालींच्या नोंदी केल्या. झाडांच्या सावलीतून मी खाली पाहिले, तेव्हा आधी फक्त तळाचे राखाडी दगड दिसले. मग त्यांतला एक दगड हलला, मग दुसरा, आणि हळूहळू सगळा तळच प्रवाहाकडे तोंड करून उभा असलेला दिसू लागला. मला आमच्याकडचा वाळण कोंड आठवला. काळ नदीवरच्या त्या कोंडातल्या महसीर माशांना वरदायिनीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. आजीबरोबर गेले की मी त्यांना चुरमुरे घालत असे. तिथे देवी राखण करते आणि इथे खुर्ची टाकून बसलेला माणूस करतो. त्याच आजीच्या चुलीवर चढणीच्या माशांचे कालवणही शिजत असे, हे मला त्या डोहाकाठी पहिल्यांदा एकत्र आठवले.

शेवटच्या पहाटे मी पुन्हा त्या वयस्क गृहस्थांबरोबर नदीवर गेले. त्यांनी दोरीला बांधलेला फ्लाय माझ्या तळहातावर ठेवला: ‘ग्रीन बट स्कंक’, काळे अंग, रुपेरी तारेचे वेढे, पांढऱ्या केसांचा पंख, लाल शेपटी आणि तिच्या बुडाशी पोपटी ठिपका. मी बोटाने गरी चाचपली, तर तिला टोकच नव्हते. ते पक्कडीने तोडून टाकलेले होते. स्पेन्सर असेच करत असत, आणि त्यांचे पाहून आपणही गेली काही वर्षे असेच करतो, असे त्यांनी सांगितले. मासा ओढतो, तो झटका खांद्यापर्यंत येतो, दोन-तीन क्षण दोरी पळते आणि मासा सुटून जातो. “मला जे हवे असते ते तेवढ्यात मिळते. पुढचे सगळे त्याच्या जिवावर होते,” असे ते म्हणाले.

डोहाच्या शेवटी, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊन वेग घेते, तिथे फ्लाय अर्ध्या वाटेवर असताना पाणी आतून फुगले आणि एक रुंद पाठ दिसून नाहीशी झाली. दोरी ताणली गेली नाही. मासा वर येऊन परतला की थोडे थांबायचे, लहान फ्लाय बांधायचा आणि त्याच जागी पुन्हा टाकायचा, असे त्यांनीच मला आदल्या दिवशी सांगितले होते, म्हणून ते पेटी उघडतील असे मला वाटले. त्यांनी खिशातून दोरा बांधलेला तापमापक काढला, तो पाण्यात सोडला आणि घड्याळाकडे पाहत उभे राहिले. पाणी वीस अंशांच्या जवळ गेले की ओढाताणीनंतर सुटलेला मासाही दमून मरू शकतो. तापमापक एकोणीस दाखवत होता आणि ऊन अजून समोरच्या जळक्या उतारावरून खाली यायचे होते. त्यांनी दोरी गुंडाळली, काठीचे चारही तुकडे वेगळे केले, आणि आम्ही दोघे काठावर बसून तो मासा पुन्हा वर येतो का ते पाहत राहिलो.