शिपायाच्या पत्रावर किती हात फिरलेले असतात

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या हिंदुस्थान खात्याच्या दप्तरात आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतले निवडक छापले, तेव्हापासून ही पत्रं लेखांत आणि भाषणांत फिरतायत. फिरवणारे बहुतेक जण एखादं काळजाला भिडणारं वाक्य उचलतात आणि ‘हे शिपायाचे शब्द’ म्हणून पुढे ठेवतात. ते शब्द शिपायाचे नसतात, निदान जसेच्या तसे नसतात. आधी एवढं समजून घेतलं की मग पत्रं खरी बोलायला लागतात.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली. बहुसंख्य शिपायांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे पलटणीतला लिहिता येणारा कुणी किंवा इस्पितळातला लेखनिक सांगेल ते लिहून घ्यायचा. म्हणजे पत्र सांगतानाच समोर एक ऐकणारा बसलेला. ते पत्र मग पलटणीतला गोरा अधिकारी बघायचा. त्यापुढे हिंदी टपालाची स्वतंत्र सेन्सॉर कचेरी होती, आधी रूआँला आणि नंतर बुलोनला. तिचा प्रमुख कॅप्टन ई. बी. हॉवेल. १९१५ च्या मार्चपर्यंत फ्रान्समधून आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं निघत होती. सगळी वाचणं मूठभर माणसांना शक्यच नव्हतं. काही उघडायची, मजकुराचा इंग्रजी तर्जुमा करायचा, उतारे अहवालाला जोडून वर पाठवायचे. मूळ पत्र बहुतेक वेळा पुढे घरी रवाना व्हायचं. घरीही ते मोठ्यानं वाचून दाखवलं जायचं, आणि अर्धी आळी ऐकायची.

आपल्या हाती उरलाय तो या साखळीतला फक्त इंग्रजी तर्जुमा. म्हणून मराठीत उतरवताना ‘अस्सल रांगडी’ भाषा घालायचा मोह टाळावा. तो रांगडेपणा आपला असतो.

पत्र वाचताना मी पहिला प्रश्न विचारतो तो तारखेचा. त्या आठवड्यात ती पलटण कुठे होती? याचं उत्तर पलटणींच्या युद्धदैनंदिन्यांत मिळतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत त्या ठेवलेल्या आहेत. रोजची नोंद, ठिकाण, हवामान, गोळामार, किती पडले. अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे आकडे. पत्रात ‘इथं सुखरूप आहे’ आणि दैनंदिनीत आदल्या दिवशी पलटणीची दाणादाण, असं दिसलं तर त्या ‘सुखरूप’चं वजन कळतं. सुरुवातीचे नमस्कार आणि खुशाली ठरलेल्या साच्यातले असतात, त्यावरून मनःस्थिती ताडू नये. साचा मोडतो तिथं थांबावं.

दुसरा प्रश्न: कुणापासून काय लपवलंय? ‘काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात’ अशा अर्थाचं लिहिलेलं आढळतं. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला हे कळत होतं. तरी पुष्कळ पत्रं जाऊ दिली, कारण सरकारला फौजेचं मन काय म्हणतंय ते हवं होतं. काही पत्रांत भिलावा, म्हणजे आपला बिब्बा, धाडायला सांगितलंय. अंगावर फोड आणि सूज यावी, म्हणजे आघाडीवर परत जाणं टळेल. ही भेकडांची गोष्ट म्हणून वाचू नका. घायाळ माणूस बरा होताच पुन्हा खंदकात धाडला जात होता, आणि ‘एकदा जखमी झालो की घरी’ अशी शिपायांची समजूत होती. ती मोडल्यानंतरची ही पत्रं आहेत. जखमी शिपायांच्या पत्रांत कविता वाढायला लागल्या तेव्हा हॉवेलला ते मन बिघडल्याचं लक्षण वाटलं आणि त्यानं तसं अहवालात लिहिलं. सेन्सॉर म्हणून त्याची नजर पक्की होती, हे मान्य करावंच लागतं.

आता आपल्याकडची अडचण. फ्रान्समधल्या फौजेत पंजाबी, पठाण, गढवाली, गुरखे भरपूर. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी बांधकाम करणाऱ्या पलटणीच्या दोन कंपन्या फ्रान्समधल्या न्यूव शापेलला होत्या, २८ ऑक्टोबर १९१४ च्या हल्ल्यात त्यांची वाताहत झाली. पण मराठा पलटणींचा मोठा भाग गेला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. म्हणून पत्रांच्या या संग्रहात मराठी शिपाई फार थोडा सापडतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन कूत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला.

तिथं शिपायाचं आयुष्य समजून घ्यायचं तर रसदीचे आणि वैद्यकीय अहवाल वाचावेत. मांस म्हणजे घोड्याचं. बरेच हिंदी शिपाई ते खायला तयार नव्हते. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी शेवटच्या आठवड्यांपर्यंत नकार टिकला. ताजा भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार पसरला. गोरे शिपाई घोडा खात होते, पण पांढऱ्या पिठाचा पाव खाऊन त्यांना बेरीबेरी, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झाला. हिंदी शिपायांना मात्र त्यांच्या जाड्याभरड्या पिठानं त्यापासून वाचवलं. एकाच गावात कोंडलेले दोन गट, दोन वेगळे आजार. घरी परत गेल्यावर जातीत घेतील का, ही भीती भुकेपेक्षा मोठी ठरत होती, हे कुठल्याही शौर्यगाथेपेक्षा या अहवालांतून जास्त स्वच्छ दिसतं.

कूतचे दिवस प्रत्यक्ष लिहून ठेवले ते बंगाल्यांनी. शिशिर सर्वाधिकारी हे बंगाल अँब्युलन्स कोअरमधले. कूतमध्ये कैद झाल्यावरही चोरून ठेवलेल्या टिपणांवरून त्यांनी पुढे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं. कैद्यांची पायपीट, रास-अल-ऐनचं रेल्वेचं काम, आर्मेनियन लोकांची अवस्था, सगळं त्यात आहे. पण ते शिकलेले होते. शिपाई त्यांना जसा दिसला तसा आपल्याला दिसतो.

कथा-कादंबऱ्यांचं काय? चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही हिंदी भाषेतली कथा १९१५ ची, लेखक आघाडीवर कधी गेलेच नव्हते. मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ युद्ध संपून वीस वर्षं झाल्यावरची. त्यांचे वडील मात्र फौजेत होते. तारखा आणि डावपेच यांतून घेऊ नयेत. पत्रात लिहिता न येणारं मात्र इथंच येतं: पलटणीतली चढाओढ, हवालदाराची भीती, लढाईच्या मधले लांबलचक रिकामे दिवस.

घरात पणजोबांचं पदक असेल तर त्याची कड, आणि ‘स्टार’ असेल तर मागची बाजू, भिंगाखाली धरा. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ‘१९१४ स्टार’ म्हणजे २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत फ्रान्स-बेल्जियम. ‘१९१४-१५ स्टार’ म्हणजे १९१५ संपायच्या आत कुठल्यातरी आघाडीवर. नुसती ब्रिटिश वॉर आणि व्हिक्टरी पदकं असली तर बहुधा त्यानंतर. ब्रिटिश वॉर पदक चांदीऐवजी काशाचं असेल, तर माणूस लढाऊ शिपाई नसून भिश्ती, मजूर वगैरे असणार. पलटणीचा जुना क्रमांक आजच्या यादीत शोधू नका, १९२२ ला सगळे बदलले: १०३ ची पहिली मराठा झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. ट्रंकेत जुने कागद निघाले आणि वाचता येईनात, तर ते मोडीत असायची शक्यता धरा आणि जाणकाराला दाखवा.

मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे, पण हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली. शिपायांचा नुसता आकडा. नावं नोंदवहीतून शोधावी लागतात. तिथं आडनाव बहुधा नसतं किंवा इंग्रजी कारकुनाच्या कानाला आलं तसं असतं: पवारचं पोवार, जाधवचं जाधो. म्हणून आडनावावर अडून बसू नका. आधी पलटण निवडा, मग वडिलांचं पहिलं नाव आणि गाव. जिल्हे तेव्हाचे टाका: आजच्या सिंधुदुर्गासाठी रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान, रायगडासाठी कुलाबा किंवा जंजिरा संस्थान.