जनावरं कुठायत?

फुलांच्या हंगामात मी साताऱ्याजवळच्या कास पठारावर राखणीला असतो. सप्टेंबरातल्या रविवारी शिट्टी तोंडातून निघत नाही. दिवसाला 3000 जणांचीच नोंदणी, गाड्या लांब वाहनतळावर, पुढे बसने. तरी येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, नियम दुसऱ्यासाठी आहे.

माझं खरं काम लोकांच्या पायांवर नजर ठेवण्याचं. पठार म्हणजे जांभ्याचा सडा, उघडा सपाट कातळ. माती कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. त्या मातीत पोषण नसतं, म्हणून सीतेची आसवे जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून जगतात. जेमतेम वीतभर झाड. फोटोसाठी एक जण त्यात फतकल मारून बसला की हातभर जागा गेली. डबक्यातला वायतुरा तर लोकांना फूल वाटतच नाही, खुशाल बूट धुतात त्यात. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, हे मी रोज सांगतो.

त्या रविवारी दुपारी सत्तरीचे एक गृहस्थ आले. हातात छत्री, नोंदणी नाही.

"आबा, आजची संख्या भरली."

"संख्या कसली रं? ह्या सड्यावर म्हशी राखल्यात मी."

पठारापल्याडचं गाव. 1972च्या दुष्काळात मुंबई गाठली, माथाडीत हमाली केली, आता कांदिवलीत राहतात. राखणीवरचा माझा जोडीदार म्हणाला, "सोड की, आपलाच माणूस." तो असं दिवसातून दहांदा म्हणतो, त्यामुळेच मी हट्टाला पेटलो. सोडलं नाही.

आबा भांडले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "जनावरं कुठायत?"

मी सांगितलं. पर्यटक आवरायला जाळीचं कुंपण घातलं, त्यात चराईही थांबली. पुढे जाळी काढली, पण तोवर गोठे रिकामे झाले होते. आबांनी छत्रीने उतार दाखवला. "तिथं गेंदानं पांढरं व्हायचं. आता निस्तं गवत." खरं होतं. गुरं गवत खुडायची म्हणून बुटक्या फुलांना ऊन मिळायचं, हे मी बैठकीत दोनदा बोललोय. ऐकून घेतात, आणि पुढचा विषय वाहनतळाचा असतो.

2011च्या जनगणनेत मुंबई उपनगरात चौरस किलोमीटरला 20 हजारांवर माणसं, सातारा जिल्ह्यात 287. आमच्या वरच्या वाड्यांत तेवढीही नाहीत. म्हशी वळायला पोरं आणायची कुठून? ती कांदिवलीलाच आहेत, आणि सुट्टीला तिकीट काढून फुलं बघायला येतात.

कुठल्या उताराला काय फुलायचं, गुरं कधी आत सोडायचे, कधी हाकलायचे, हे सगळं आबांना विचारायला हवं होतं. मी त्यांना मंगळवारची नोंदणी कशी करायची ते समजावत बसलो. "बरं," म्हणाले आणि बसकडे गेले.


त्यांच्या गावाचं नाव तेवढं लिहून ठेवलंय. फोन नंबर घेतला नाही.