परमिट माझ्या नावावर होतं

विजेच्या लाइनवर काम करणाऱ्या आम्हा दोघांत एक नियम आहे. ज्याच्या नावावर परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची उपकेंद्राची परवानगी, तो खांबावर चढत नाही. तो खाली बसतो, फोन हातात ठेवतो आणि लाइन चालू करायच्या हँडलवरून नजर हलवत नाही. त्या दिवशी परमिट माझ्या नावावर होतं.

नवतपा, उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता. कूलर बंद पडला की नागपुरात अर्ध्या तासात घराची भट्टी होते. मानेवाड्याकडच्या एका लेआउटमधला ११ केव्हीचा फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, दुपारी ट्रिप झाला. उपकेंद्रातल्या ऑपरेटरने एकदा चालू करून पाहिला, पुन्हा गेला. म्हणजे लाइन पायी बघणं आलं. मी आणि माझा जोडीदार दोन टोकांकडून निघालो. तासाभराने डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अलीकडच्या खांबावर त्याला तडकलेला पिन इन्सुलेटर दिसला, तार ज्यावर बसते तो. चिनीमातीला केसाएवढी चीर, भोवती काळा डाग. मेच्या उन्हात मान वर करून ती चीर टिपणं किती अवघड असतं, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या सेक्शनमध्ये त्याच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही.

मग उपकेंद्रात फोन. ऑपरेटरने ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढून लाइन तिकडून तोडली, पॅनेलवर माणसं कामावर असल्याची पाटी लावली आणि मला परमिटचा नंबर दिला. नंबर आणि वेळ डायरीत लिहून मी त्याला परत वाचून दाखवली. एबी स्विच, म्हणजे खालच्या हँडलने लाइन तोडायचा-जोडायचा खांबावरचा स्विच, उघडला. तिन्ही तारांना टेस्टर लावून पाहिला. नंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा. आधी अर्थिंगची बाजू पक्की करायची, मगच हूक तारेवर टाकायचा. काढताना बरोबर उलट. क्रम चुकला तर रॉड धरणाऱ्याच्याच अंगातून करंट जमिनीत जातो. रॉड खांबाच्या दोन्ही बाजूंना लावतो, कारण वीज काही फक्त उपकेंद्रातूनच येत नाही. कुणी बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर जोडला असेल, तर घरातले २३० व्होल्ट डीपीतून उलटे चढतात आणि वरच्या तारेवर हजारो व्होल्ट होतात. म्हणून डीपीतले फ्यूजही मी काढले आणि माझ्याच पिशवीत ठेवले.

राहिलं एबी स्विचचं हँडल. त्याला कुलूप पाहिजे, ते नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी तीनदा लिहून मागितलं होतं. तक्रार किती मिनिटांत मिटली याचा हिशेब वरपर्यंत जातो, कुलपाचा जात नाही. आणि लोक खरंच हँडल ओढतात. उकाड्याने जीव कासावीस झाला की एखादा उठतो आणि 'पाहू तर, येते का' म्हणून वर करतो. वर माणूस आहे का, हे न बघता. म्हणून मी कडुनिंबाखाली, हँडलपासून तीन पावलांवर बसले.

एका काकांनी विचारलं, "ताई, काहून बसल्या? लाइन कधी येईन?" "चाळीस मिनिटं," एवढंच मी म्हणाले. बोलत बसले असते तर लक्ष गेलं असतं.

संध्याकाळी वर्ध्याहून बहिणीने व्हिडिओ पाठवला. २८ सेकंदांचा. तोंडाला स्कार्फ बांधलेली बाई झाडाखाली बसली आहे, हातात मोबाइल आहे. खांब चित्रात नाही, खांबावरचा माणूस नाही, हँडल नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! रील पाहून राहिली. महिलांच्या कोट्यातून लागली, खांबावर चढता येत नाही तर आली कशाला. कोराडीचं वीज केंद्र आपल्या उशाशी आणि आपल्याला अशी माणसं. कुणी लिहिलं होतं की गडी माणूस उन्हात मरतोय आणि ही सावलीत. तो गडी माणूस जिवंत खाली उतरावा म्हणूनच मी सावलीत बसले होते. आयटीआय करून आलेय मी. नऊ मीटरच्या खांबावर किती वेळा चढले, याची मोजदाद नाही.

एक टीका मात्र खरी होती. हेल्मेट मांडीवर होतं. ते डोक्यावर हवं होतं, माझं चुकलंच. एवढ्या लोकांत एकानेच ते लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेखी खुलासा मागितला. परमिटचा नंबर, घेतल्याची आणि परत केल्याची वेळ, सगळं उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये होतं. त्यांनी ते पाहिलंही होतं. तरी म्हणाले, "देऊन टाका मॅडम, वरून फोन आला." मी दिला. त्यांनी एक ओळ लोकांसाठी लिहिली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. खुलासा फाइलमध्ये गेला, व्हिडिओ अजून फिरतोय.

हे सगळं मी एव्हाना विसरले असते. पण आठ दिवसांनी दुसऱ्या लेआउटमध्ये तसंच काम निघालं. पुन्हा परमिट माझ्या नावावर, पुन्हा बिनकुलपाचं हँडल. समोरच्या गच्चीवर एका मुलाने मोबाइल वर धरला. तो आभाळाचा फोटो काढत असेल, पतंगाचा असेल, मला काय माहीत. पण मी उठले. खांबापाशी गेले आणि कारण नसताना शिडी धरून उभी राहिले. पाठ हँडलकडे होती.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. वरून जोडीदाराचा आवाज आला.

"ताई, तिथून उठू नका ना."