टक्के नकोत, दवबिंदू सांगा

पुस्तकांच्या कपाटात मी एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. येणारा-जाणारा त्यावरचा आकडा वाचतो आणि "बापरे, केवढा दमटपणा!" म्हणतो. मी लगेच विचारते, तापमान किती आहे ते पाहिलंत का? त्याच्याशिवाय तो आकडा अर्धाच.

समजा पहाटे 20 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 90 टक्के आहे. दुपारी पारा 30 वर जातो, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास येते. हवा कोरडी झाली असं वाटतं, पण बाष्प तेवढंच असतं. वाढलेली असते ती त्याची कमाल मर्यादा. 20 अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावतं, 30 अंशांना 30 ग्रॅम, आणि शून्याला पाचही नाही. टक्के मोजले जातात ते या सरकत्या मर्यादेच्या तुलनेत.

गरम हवा स्पंजसारखी जास्त पाणी धरून ठेवते, हे स्पष्टीकरण मात्र मला अजिबात पटत नाही. हवा काहीच धरत नाही. पाण्यातून रेणू सतत सुटतात आणि परतही येतात. ऊब वाढली की सुटणारे वाढतात, आणि दोन्हींचा मेळ जास्त बाष्पावर बसतो. थोडं पाणी असलेल्या बंद भांड्यातली हवा काढून घेतली तरी आत जवळजवळ तेवढंच बाष्प साठतं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे ओळखलं होतं.

म्हणून मी दवबिंदू बघते, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड झाली की दव धरू लागेल तो आकडा. वरच्या उदाहरणात तो पहाटे आणि दुपारी सारखाच, 18 च्या जवळ.

पुस्तकांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. खोलीत 24 अंश आणि 60 टक्के, म्हणजे सगळं ठीक वाटतं. पण कपाटामागची बाहेरची भिंत 18 अंशांवर असेल, तर तिला लागून असलेल्या हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर जाते आणि तिथे बुरशी धरते. त्यामुळे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मागे हवा खेळू द्या. खिडकी उघडण्याआधी बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी आहे ना, तेवढं बघा. जास्त असेल तर खिडकी बंदच ठेवा, बाहेर कितीही गार वाटत असलं तरी.