बासची तीन बटणं

एप्रिल लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांत भीमगीतांच्या कार्यक्रमांना जोर येतो. मैदानात मांडव, कुठून तरी ओढून आणलेली लाईन, अर्थिंगच्या नावानं शंख. अशा स्टेजवर बास गिटार किती घुमणार आणि किती घुंघुं करणार, हे बरंचसं तिच्या बटणांच्या जोडणीवर असतं.

१९६० साली आलेल्या फेंडर जॅझ बासला आधी एकावर एक बसवलेली दुहेरी बटणं होती. पुढे दोन व्हॉल्यूम आणि एक टोन (आवाजाची धार कमी-जास्त करणारं बटण) ही मांडणी रूढ झाली, आणि स्वस्तातल्या बासवरही बहुधा तीच दिसते. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की घरघर मरते, कारण तारांची थरथर टिपणारे पिकअप दोन असतात, दर व्हॉल्यूमला एक, आणि त्यातल्या एकाची गुंडाळी आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट असतात. एक जरासं खाली आणलं की ५० हर्ट्झची घुंघुं हजर. मधेच पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि बास हळू करायचा झाला, तर अंधारात दोन बटणं अगदी सारखी फिरवावी लागतात. फिरत नाहीत, बुवा.

म्हणून आमच्याकडच्या स्टेजला व्हॉल्यूम, ब्लेंड (दोन पिकअपांचं प्रमाण ठरवणारं बटण), टोन हीच मांडणी बरी. ब्लेंडला मध्यावर खाच असते, ती बोटाला न बघता कळते. तिथं ब्लेंड सोडायचा आणि एकटा व्हॉल्यूम फिरवायचा. दोन पिकअपांचा तोल जागचा हलत नाही.

गोम आहे ती ब्लेंडच्या पॉटमध्ये, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दुहेरी पॉट (एका दांडीवर दोन मजले, दर पिकअपला एक) मागितला की साधा लिनिअर, म्हणजे सारख्या वेगानं कमी-जास्त होणारा, हातात पडतो. तो मध्यावर दोन्ही पिकअप अर्धे-अर्धे दाबतो, मग गायक मागं वळून विचारतो, "भाऊ, आवाज काहून पडला?" हवा असतो एमएन टेपरचा (टेपर म्हणजे फिरवताना रेझिस्टन्स बदलायची रीत). त्यात मध्यावर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे राहतात आणि खाचेच्या पुढे गेलं की एकच कमी होत जातो. पैसे देण्याआधी पॉट खाचेवर ठेवून मल्टिमीटर लावा: दोन्ही मजल्यांवर मधला पाय आणि एका टोकाचा पाय यांत जवळपास शून्य यायला हवं. २५० किलोओहमच्या पॉटवर सगळीकडे १२५ दिसले तर तो परत करा.

टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो; त्यावर ४७३ छापलेलं असतं. टोन पार बंद करून वाजवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. उघड्या मैदानात आवाज परतवायला भिंत नाही, त्यात ढोलकीचा धुम्मा. तिथं निव्वळ खर्ज कुणाच्या कानी पडणार? धुळीनं बटण खरखरलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या आत मारून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावं. नट ढिला असेल तर आधी तो कसावा, नाहीतर अख्खा पॉट फिरून आतली वायर तुटते.

प्रीअँपवाल्या, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं आवाजाचं सर्किट असलेल्या, बासची बॅटरी, जॅक खोचलेला असेपर्यंत, कुणी वाजवो न वाजवो, उतरतच असते. मध्यंतरात चहाला जाताना आधी अँपचा आवाज खाली घ्यावा, मग जॅक काढावा. रात्री दोनला गावात ९ व्होल्टची बॅटरी कोण देणार?