टिचकी

अनुवादाचं काम होतं. पलीकडून इंग्रजीत एका ओळीचा निरोप आला : 'प्लीज सेंड इट वेल बिफोर मंडे.' मी त्यातलं 'बिफोर मंडे' तेवढं वाचलं. 'वेल' मला निव्वळ सौजन्याचं वाटलं, आपल्या 'बरं का'सारखं. रविवारी रात्री पावणेबाराला फाइल पाठवली आणि दिलेला शब्द पाळल्याच्या समाधानात झोपले. सकाळी आलेलं उत्तर सभ्य होतं. इतकं सभ्य, की वाचून हातपाय गार पडावेत.

'वेल बिफोर मंडे' म्हणजे सोमवारच्या चांगलं आधी. मी पाठवलं ते 'राइट बिफोर मंडे', सोमवारच्या अगदी तोंडावर. 'बिफोर' तेच, सोमवारही तोच. फरक त्या आधी उभ्या असलेल्या चिमुकल्या शब्दात होता आणि मी तो ओलांडून पुढे गेले होते.

तेव्हापासून इंग्रजी वाचताना माझं लक्ष या शब्दांकडे जायला लागलं. शाळेत प्रीपोझिशनं घोटून घेतली होती. ऑन कुठे, इन कुठे, अ‍ॅट कुठे. पण त्यांना पाठीमागून टिचकी मारणाऱ्या या क्रियाविशेषणांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. 'राइट' हद्दीला चिकटून उभा राहतो. 'राइट बिहाइंड द डोअर' म्हटलं की दार उघडताच नाकावर आपटेल इतक्या जवळ. 'वेल' त्याच्या उलट, हद्द ओलांडून ऐसपैस आत जातो : 'वेल पास्ट मिडनाइट' म्हणजे बारा वाजून किती वेळ झाला ते विचारू नका. 'जस्ट ओव्हर अ हंड्रेड' म्हणजे शंभरावर जेमतेम, आणि 'वेल ओव्हर अ हंड्रेड' म्हणजे शंभर कधीच मागे पडले. आकडा कुणीच सांगत नाही, तरी अंदाज बरोबर येतो.

बाकीची मंडळी एकेका स्वभावाची. 'स्ट्रेट' वाटेत थांबत नाही. 'क्लीन थ्रू' म्हणजे आरपार. 'डेड अगेन्स्ट' म्हणणारा माणूस सक्त विरोधात असतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. 'बँग' आणि 'स्मॅक' हे तर आवाजच; 'स्मॅक इन द मिडल' म्हणताना मधोमध काहीतरी फाडकन आदळल्यासारखं वाटतं. 'वे ओव्हर'मधला 'वे' हा रस्ता नव्हे, 'अवे'चं पुढचं अक्षर झडून उरलेला तुकडा आहे. माझा लाडका मात्र 'प्लम'. 'प्लम इन द मिडल'मधला हा 'प्लम' लॅटिनमधल्या शिशाच्या नावावरून आला. शिसं कशाचं, तर गवंड्याच्या ओळंब्याचं. दोरीला टांगलेलं वजन हलायचं थांबलं की जी रेघ मिळते, ती या शब्दात अजून लोंबकळते आहे.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या जाडजूड इंग्रजी व्याकरणात 'राइट' आणि 'स्ट्रेट' यांच्याकडून चक्क परीक्षकाचं काम करून घेतलं आहे. एखादा शब्द प्रीपोझिशन आहे का, हे बघायचं तर त्याच्याआधी 'राइट' लावून बघा. 'ही रॅन राइट अप द हिल' जमतं. 'शी लुक्ड राइट अप द नंबर' मात्र दाताखाली खडा आल्यासारखं लागतं, कारण तिथे 'अप'ची गाठ नंबरशी नाहीच, 'लुक'शी आहे. दिसायला दोन्ही वाक्यांत 'अप द अमुक'. टिचकी मारली की पोकळ कुठलं ते कळतं. परीक्षा सर्वांना पुरत नाही. 'चा-ची-चे' सांगणारा 'ऑफ' किंवा 'डिस्पाइट' यांच्या वाटेला 'राइट' जात नाही. त्याला जागा आणि वेळ यांतच रस. पण याच परीक्षेचा एक आधार घेऊन ही मंडळी 'हिअर' आणि 'देअर' यांनाही प्रीपोझिशनांत बसवतात, कारण 'राइट हिअर' बिनबोभाट चालतं. शाळेच्या पेपरात मी असं लिहिलं असतं तर गुण गेले असते.

एके काळी 'राइट' विशेषणांनाही लागायचा. 'राइट ऑनरेबल' या बिरुदातला 'राइट' म्हणजे 'योग्य' नव्हे, 'फार'. काही बोलींत तो अजून तसा वापरतात. प्रमाण इंग्रजीत मात्र त्याने तो पसारा आवरला.

आपल्याकडे गंमत वेगळी. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, मग टिचकी मारायची कुठे? 'घरासमोर' हा शब्द फोडता येत नाही. 'घरा अगदी समोर' कुणी म्हणणार नाही. पण 'घराच्या' म्हटलं की फट पडते आणि 'अगदी' त्यात अलगद शिरतो : घराच्या अगदी समोर, टेबलाच्या बरोब्बर खाली. नाहीतर सगळ्यांच्या आधी जाऊन उभं राहायचं : थेट दारात, पार टोकाला, ऐन परीक्षेत, भर रस्त्यात. यातल्या 'भर'चा मला अभिमान आहे. 'राइट इन द मिडल ऑफ द स्ट्रीट' हे सात शब्द खर्च करून इंग्रजी जिथे पोचतं, तिथे आपण दोन शब्दांत असतो, आणि वर चार लोक बघत होते हेही सांगून होतं. 'ऐन'मध्ये हळहळ असते. तो मूळ अरबी, तिथे त्याचा अर्थ डोळा. आपल्याकडे ऐन वेळी सहसा काहीतरी बिघडतंच.

आणि हे सगळं करूनही मन भरलं नाही, तर शेवटी 'च' आहेच. अगदी घरासमोरच! पुढून धक्का, मागून कडी.

घोळ या 'च'ने केला. तो दोन कामं करतो. 'मी घरीच होते' यात दुसरीकडे कुठे नव्हते हेही आलं आणि घरी होते यावरचा जोरही आला. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत : वगळायचं तर 'ओन्ली', जोर द्यायचा तर 'राइट' वगैरे. आपण मात्र 'च' दिसला की 'ओन्ली' ठेवतो, तोही मराठीच्या सवयीने शेवटी. इंग्रजाला त्यातून ऐकू येतं ते भलतंच : फक्त इथे, तिथे नाही. अरे, मी तिथे आहे असं म्हटलं कोणी?

हे सगळं मला आता नीट कळलेलं आहे. गेल्या आठवड्यात त्याच लोकांबरोबर कॉल होता. मजकूर या खेपेस चार दिवस आधी गेला होता, 'वेल'चा पुरता मान राखून. मधेच माझा आवाज तुटला. पलीकडून विचारणा झाली, 'आर यू स्टिल देअर?' आवाज परत आला, मी घाईने माइक जवळ ओढला आणि म्हणाले, 'येस, येस, आय अ‍ॅम हिअर ओन्ली.'