म्झेचे कान

केनियात मोतद्दाराला ‘सईस’च म्हणतात. पहिल्या दिवशी तबेल्यात हा शब्द कानावर पडला आणि माझं निम्मं परकेपण तिथेच गळून पडलं. पुण्याच्या रेसकोर्सवर सहा वर्षं घोड्यांची डॉक्टर म्हणून काढली होती. मग एका रायडिंग सफारीवाल्यांकडे हंगामापुरती नोकरी धरली. इंग्रजांच्या अमदानीत आपल्याकडून बरेच शब्द तिकडच्या स्वाहिली भाषेत गेलेत: चहा म्हणजे ‘चाय’, पोळी म्हणजे ‘चपाती’, मोटार म्हणजे ‘गारी’. मला मात्र सगळे ‘दक्तारी’ म्हणायचे.

मसाई माराच्या राखीव क्षेत्राला लागून उत्तरेकडे कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली रानं आहेत. जमीन मसाई कुटुंबांची, भाड्याने दिलेली. त्यांची गुरं आणि सिंह एकाच गवतावर. आमची वाट तिथून जायची. पुढे गाईड, मध्ये आठ पाहुणे, शेवटी मी आणि मुख्य सईस. रोजची तीसेक किलोमीटरची रपेट. तंबू, चारा आणि माझी औषधांची मोठी पेटी ट्रकने पुढच्या मुक्कामाला.

माझ्या घोड्याला सगळे ‘म्झे’ म्हणत, म्हणजे म्हातारबा. नैरोबीच्या न्गाँग रेसकोर्सवरून निवृत्त झालेला, सतरा वर्षांचा. चाल अजून झकास, पण मिजास राजाची. रेसकोर्सवरची जात मी ओळखून होते, त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी जमलं.

तो सप्टेंबरातला तिसरा दिवस. सकाळी दीड हजार मीटरवरची थंडी, स्वेटर घालून खोगिरावर बसलेलो. झेब्रे आम्हाला बघून पळाले नाहीत. जीपमधून हाच झेब्रा वेगळा वागतो. घोड्यावरचा माणूस त्याला बहुधा माणूस वाटतच नाही, चार पायांचं काहीतरी विचित्र जनावर वाटतं. एक जिराफ तर मान वाकवून आमच्याकडे असा बघत होता, जणू वाड्याच्या गच्चीवरून आजोबा. मग गाईडने हात वर केला आणि मोकळ्या माळावर आम्ही चौखूर सुटलो. डावीकडून झेब्र्यांचा कळपही पळू लागला. बाकी सगळे ओरडत होते. माझं लक्ष जमिनीवर, कारण तिथे रानडुकरांची बिळं असतात आणि त्यात पाय गेला की घोड्याचं हाड मोडतं. डॉक्टरला असली रपेट निम्मीच उपभोगता येते.

साडेदहाच्या सुमारास लेलेश्वाच्या झुडपांत शिरलो. लेलेश्वाची राखाडी पानं चुरगळली की कापरासारखा वास येतो. मसाई लोक ती काखेत घालतात. म्झेच्या मानेवर घाम होता, चाल सैल होती. अचानक त्याचे दोन्ही कान पुढे रोखले गेले आणि माझ्या मांड्यांखालचं धड दगडासारखं घट्ट झालं. मला काही दिसलं नव्हतं. पुढच्या घोड्यानेही तेच केलं, मग त्याच्या पुढच्याने. आणि चाळीस फुटांवर गवतातून सिंहीण उठली. आरामात उठली, आळस झटकल्यासारखी. तिच्यामागे अजून एक.

मुक्कामावर रोज घोकलेला नियम: वळायचं नाही, पळायचं नाही. मांजराच्या जातीला पाठ दिसली की ते सावजच. घोडे एकमेकांना खेटून उभे करायचे, तोंडं तिच्याकडे. पाहुण्यांपैकी एकाने लगाम आवळला तसा त्याचा घोडा मागच्या पायांवर बसू लागला. सईस न बोलता आपला घोडा त्याच्या कुशीला भिडवून उभा राहिला. सिंहिणीची शेपटी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. गाईडने चाबूक उडवला. त्याचा आवाज गोळीसारखा होतो. तिने कान पाडले, आमच्याकडे बघितलं, आणि ती दोघं झुडपात निघून गेली. सगळा प्रकार मिनिटभराचा असेल. आम्ही पावलापावलाने मागे सरलो.

पुढे ओढा लागला. घोड्यांना पाणी पाजायची तीच जागा. पाहुण्यांच्या तोंडी सिंहीण सोडून दुसरं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. म्झेने नाक पाण्याला लावलं. ओठ ओले झाले. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला दिसलंही: घोडा खरोखर पाणी पितो तेव्हा प्रत्येक घोटाला त्याचे कान हलतात. म्झेचे कान हलत नव्हते. ते समोरच्या काठावर रोखलेले होते. ‘पिईल पुढे,’ असं म्हणून मी निघाले. सईसने मागे वळून एकदा पाहिलं, बोलला काही नाही. मी डॉक्टर ना!

संध्याकाळी सात वाजता तोबऱ्याला तोंड न लावता म्झे उभा होता. पुढच्या पायाने जमीन उकरतोय, मान वळवून कुशीकडे बघतोय. मला धस्स झालं. नाडी बावन्न, निवांत घोड्याची चाळिशीच्या आत असते. हिरड्या कोरड्या. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला आवाज जवळपास नाहीच. मनगटापलीकडे ग्लोव्ह चढवून आत हात घातला, तेव्हा मोठ्या आतड्याच्या वळणावर मळलेल्या कणकेसारखा गोळा बोटांना लागला. सुकं गवत, घाम, आणि दिवसभर पाणी नाही. पोटशूळ, अगदी पुस्तकातला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तयार झालेला.

घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे नळी घालून आधी पोट फुगलेलं नाही ना ते पाहिलं, मग त्याच नळीतून मीठ घातलेलं कोमट पाणी सहा लिटर. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक दहा मिली शिरेतून. दोन तासांनी पुन्हा सहा लिटर. गोळा सुटला नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन नैरोबीला, कच्च्या रस्त्याने रात्रीत अशक्य.

मधल्या वेळात त्याला चालवायचं. पुण्यात अशा रात्री मी घोड्याला ट्रॅकच्या कडेने हवा तेवढा फिरवला आहे. इथे शेकोटीच्या उजेडापलीकडे पाऊल टाकायची सोय नाही. साडेनऊच्या सुमारास सिंहाची डरकाळी सुरू झाली. ती ऐकू येते त्यापेक्षा छातीत जास्त जाणवते. दोरावर बांधलेले सगळे घोडे एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यामुळे आमचं चालणं म्हणजे शेकोटीभोवती वर्तुळ. भाला घेतलेला मसाई राखणदार बाहेरच्या कडेने, मध्ये म्झे, आतल्या बाजूने आळीपाळीने मी आणि सईस. तंबूतून कुणीतरी विचारलं, घोडा बरा आहे का. मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय सांगणार?

बाराच्या पुढे मी सईसला ओढ्यावरची गोष्ट सांगितली. माझं स्वाहिली मोडकंतोडकं, त्यामुळे हाताने कान करून दाखवले. तो म्हणाला, “पाहिलं होतं मी.” मग थोडं चालून, “तुम्हीपण पाहिलं होतं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं.

पहाटे चारला म्झे थांबला. शेपटी उचलली. चार-पाच गोळे पडले, काळपट, कडक. सईसने टॉर्च माझ्या हातात दिला, एक गोळा उचलून बोटांनी फोडला, आत ओल आहे का ते पाहिलं आणि माझ्यापुढे धरला. आतून ओलसर होता. लीद बघून डोळ्यांत पाणी आलेली मी काही पहिलीच डॉक्टर नसेन.

सकाळी नाडी अडतीस. म्झे त्या दिवशी मुक्कामावरच राहणार होता, मीही. पाहुणे गेल्यावर सईस बादली घेऊन आला आणि म्झेपुढे ठेवून उकिडवा बसला. म्झेने नाक बुडवलं. कान एकदा मागे गेले, पुढे आले. पुन्हा मागे, पुढे. सईस बोटांवर स्वाहिलीत एक, दोन, तीन मोजत होता: मोजा, म्बिली, तातू... दहाव्यानंतर त्याची बोटं संपली, तेव्हा त्याने माझा हात ओढला आणि माझ्या बोटांवर मोजायला लागला.